चहाआधी कागद नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका डबल चादरीची घडी.

जानेवारीत आमच्या पहाडगंजच्या गल्लीत ऊन फक्त गच्चीवर येतं, तेही दोन-अडीच तास. तेवढ्यात सगळं वाळवून घ्यायचं. अकराच्या सुमाराला आम्ही चादर दोरीवरून काढली. दोन टोकं हिने धरली, दोन मी. मागे सरकलो, ताणली, झटका दिला. मग चालत एकमेकांजवळ आलो. माझ्या हातातली टोकं हिने आपल्या हातात घेतली आणि मी वाकून खाली लोंबणारी कड उचलली. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलं होतं.

"वाकडं धरलंस," मी म्हणालो.

"धरू दे."

"बोटभर कड बाहेर आलीय बघ. पुन्हा उलगड."

"अहो, उद्या मंत्री नाही उतरायचे आपल्याकडे. झोपल्यावर घडी कुणाला दिसते?"

चादर काखेत घेऊन ती खाली गेली. ती चादर दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीसाठी होती. पुढच्या खोलीच्या कपाटात ती हिने ठेवली, मला खालून ओरडून सांगितलं, "जरा पडते हो," आणि पडली. मी दोरीवरचे चिमटे गोळा केले, उशांचे अभ्रे काढले, थोडा वेळ उन्हात बसलो. खाली आलो तर डाव्या कुशीवर होती. चपला पलंगाखाली नीट लावलेल्या. एकदा हाक मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा हात लावला.

गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ह्याच्यापुढचं मला लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

"पुन्हा उलगड." हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. लोक विचारतात, शेवटी काय बोलणं झालं? मी खरं तेच सांगतो. लोकांना ते आवडत नाही. काहीतरी गोड ऐकायचं असतं त्यांना. माझ्याकडे गोड काही नाही.

मुलगा आणि सून दोन तासांत गुडगावहून पोचले. रडणं झालं, फोन झाले, खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींनी सगळं घर हातात घेतलं. पण ह्या सगळ्यात एक प्रश्न पायात घोटाळत होता आणि तो सगळ्यात आधी मुलाने विचारला.

"बाबा, उद्या सकाळचं बुकिंग आहे. आईच्या फोनवर दिसतंय. मी कॅन्सल करतो."

तो एका बुकिंगचं विचारत होता, पण मला त्यातलं दुसरं ऐकू येत होतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या उद्यापासून चालणार की कुलूप लागणार? लागलं की मी गुडगावला सोळाव्या मजल्यावर जाणार, हे त्याने मनात ठरवलेलं होतं. वाईट हेतू नव्हता त्याचा. त्याला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं की घर ती चालवत होती. चादरी माझ्याकडे, माणसं तिच्याकडे, अशी आमची वाटणी होती. आणि चादरीसाठी कुणी कुणाच्या घरी उतरत नाही.

ही वाटणी कशी झाली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

घर तिचं. म्हणजे सासऱ्यांचं. ते इथल्या मराठी शाळेत शिपाई होते. मी बुलढाण्याकडचा, चौथी पास. गावातल्या एका गुरुजींची चिठ्ठी घेऊन एकोणिसाव्या वर्षी दिल्लीत उतरलो. दीड दिवस गाडीत. स्टेशनवरून विचारत विचारत ह्या दाराशी आलो. दार उघडलं ते हिने. दोन वेण्या, हातात पळी. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आधी पाणी की आधी संडास?"

मी लाजून मेलो. पाहिजे होतं एक आणि म्हणालो दुसरं. "पाणी." तिने तांब्या आणून दिला, मी पीत असताना म्हणाली, "संडास डाव्या हाताला आहे. कडी आतून लागत नाही, गाणं म्हणा."

ह्या घरातला पहिला पाहुणा मी. आलो तो राहिलोच. लोक घरजावई म्हणून हसायचे. ती म्हणायची, "हसू द्या. चेक-आउटच केला नाही ह्यांनी."

सासऱ्यांनी ओळखीतून मला हिंदूरावच्या टेकडीजवळच्या एका सरकारी गेस्ट हाउसमध्ये चिकटवलं. तिथल्या लिनन रूममध्ये मी नोकरी संपेपर्यंत होतो. लिनन रूम म्हणजे चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे यांची खोली. माणसांशी संबंध नाही. मला तेच बरं वाटायचं. चादरीवरचा डाग बघून मी सांगायचो, चहा आहे की डाळ, कालचा आहे की परवाचा. पण साहेब समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटायची, नाहीतर नको ते बोलायची. एकदा एका मोठ्या बाईंना म्हणालो, "टॉवेलने बूट पुसू नका, त्याने तोंड पुसायचं असतं." त्यानंतर मला कुणी वर पाठवलं नाही.

मी रिटायर झालो तेव्हा मुलगा वेगळा राहायला गेला होता, वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. हिने पाहुणे घ्यायला सुरुवात केली. स्टेशन पाच मिनिटांवर. आधी ओळखीतून ओळख, मग फोनवरच्या ॲपवर. येणारे बहुतेक आपलेच. कुणी मोठ्या हॉस्पिटलात पेशंट दाखवायला आणलेला, कुणी परीक्षेला आलेलं, कुणी बदलीवर आलेलं आणि क्वार्टर न मिळालेलं. दार ती उघडायची. तोच प्रश्न विचारायची, जो मला विचारला होता. मोठमोठे ऑफिसर दारात गडबडायचे आणि मग हसायचे. पाणी झालं की चहा, स्वतःच्या हातचा, गॅसवर उकळलेला. तोपर्यंत नाव, गाव, काम काही विचारायचं नाही. मी मागच्या बाजूला. मला पाहुणे जिन्यात भेटले तर मी मान हलवायचो.

दोन वर्षांमागे एक पोरगी आली. युनिव्हर्सिटीत शिकणारी, पीएचडी करत होती, मुनिरकाला खोली घेऊन राहायची. आई-बाप इथेच सरकारी नोकरीत होते, आता नागपूरला गेलेले. मराठी बोलायची पण मधेच शब्द हरवायचे. अभ्रा म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. "काका, वो पिलो का कव्हर ना?" मी म्हणालो, "तू पाहुणचारावर डॉक्टर होणार आणि अभ्रा माहीत नाही?" पोरगी हसली. रागावली नाही, तेव्हाच मला बरी वाटली.

तिचा अभ्यास असा होता. लोक आपल्या घरात पाहुणे ठेवतात, तिथली सेवा किती चांगली, ते लोक हे सगळं कुठून शिकतात, आणि फोन, ॲप वगैरे आल्यावर त्यांचं काय बदललं. अशी वीसेक घरं तिने घेतली होती, त्यात एक आमचं.

"चांगली सेवा मोजणार कशी?" हिने विचारलं. "वजनकाट्यावर?"

"काकू, सोपं आहे. पाहुणा येताना मनात काय धरून येतो ते आधी विचारायचं. जाताना त्याला काय मिळालं ते विचारायचं. दोन्हींतला फरक काढायचा. बस."

"आणि?"

"फरक जितका कमी तितकी सेवा चांगली."

त्यासाठी तिने दोन रंगांचे फॉर्म दिले होते. पांढरा आल्याबरोबर भरायचा, पिवळा जाताना. दोन्हींवर तीच वाक्यं. खोली स्वच्छ असावी, खोली स्वच्छ होती. घरातले लोक आपुलकीने बोलावेत, घरातले लोक आपुलकीने बोलले. पुढे एक ते सात आकडे, गोल करायचा. शेवटी दोन ओळी मोकळ्या, काही लिहायचं असेल तर. पांढरा फॉर्म दाराशीच द्यायचा, असं तिने हिला दोनदा बजावलं. हिने मान हलवली. बिल्कुल, म्हणाली.

तीन महिने फॉर्म गोळा होत राहिले. पोरगी दर शनिवारी यायची, फॉर्म न्यायची, पोहे खायची. मग एक दिवस मधल्याच वारी आली, चेहरा उतरलेला.

"काकू, बाकी सगळ्या घरांत फरक निघतोय. कुठे कमी, कुठे जास्त. तुमच्याकडे शून्य. प्रत्येक पाहुण्याचा शून्य. पांढऱ्यावर सात, पिवळ्यावर सात. असं होऊच शकत नाही."

"का नाही होऊ शकत?" ही फुगली. "चांगलं ठेवतो आम्ही."

"पण येतानाच सगळे सात कसे देतील? त्यांनी तुम्हाला बघितलंसुद्धा नसतं." मग ती थांबली. "काकू, पांढरा फॉर्म तुम्ही नेमका कधी देता?"

"चहा झाल्यावर."

"चहा झाल्यावर?"

"चहा, आंघोळ, पोहे. मग देते. निवांत भरतात बिचारे."

पोरगी जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. "मी दाराशी म्हटलं होतं ना?"

"दाराशी पाहुण्याच्या हातात पाणी द्यायचं असतं, कागद नाही," ही म्हणाली. "रात्रभर गाडीत बसून आलेला माणूस, त्याला उंबऱ्यावर उभं करून परीक्षा घ्यायची? मी नाही घेणार. चहाआधी कागद नाही."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "यार काकू, मी माझ्या मॅडमना काय सांगू?" हिचा पोहे खाऊन झालेला पाहुणा सात देणार नाही तर काय देणार! त्याला मनात काय धरून आलो होतो ते आठवतच नसणार. एवढं मलाही कळलं, चौथी पास माणसाला. हिला मात्र आपलं काही चुकलं हे कळायला दोन मिनिटं लागली. मग ती पोरीच्या शेजारी पायरीवर बसली.

"किती वाया गेले?"

"तुमचे सगळेच."

"चल, पुन्हा करू. पण चहाआधी नाही."

मग पोरगीच उठली, नाक पुसलं आणि फोन काढला. पांढरा फॉर्म तिने फोनवर बनवला. पाहुणा गाडीत असतानाच त्याला पाठवायचा. बसल्या जागी भरेल, आणि घर अजून बघितलेलं नसेल. ही खूश. "हे ठीक. गाडीत नाहीतरी काय करतात लोक." तेव्हापासून हीच आपल्या फोनवरून तो पाठवायला लागली. फोनशी ती बोलायची आणि फोन लिहायचा. ॲपवर कुणी चांगलं लिहिलं की ती उत्तर सांगायची, "आभारी आहे, परत या, पण दूध टाकून जाऊ नका, संपवत जा." फोन तेही तसंच लिहायचा.

त्याच सुमाराला पोरीच्या युनिव्हर्सिटीत घरगुती मुक्काम चालवणाऱ्यांसाठी एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. ही नवी साडी नेसून गेली. येताना ट्रे घेऊन आली. त्यात विजेची केटली, दोन कप, चहाच्या आणि दूध पावडरच्या पुड्या. खोलीत ठेवायचं, पाहुणा पाहिजे तेव्हा स्वतःचा चहा करून घेतो, मोठ्या हॉटेलांत असतं तसं.

"मग ठेवायचा का खोलीत?" मी विचारलं.

"आपल्या घरी येऊन पाहुण्याने स्वतःचा चहा करायचा? मग आपण काय करायचं, त्याला बघत बसायचं?" तिने तो ट्रे खोक्यासकट माळ्यावर ठेवला. बाकी ट्रेनिंगमधलं बरंच तिने उचललं. टॉवेल पांढरे पाहिजेत, हे मी वीस वर्षं सांगत होतो, ते तिला तिथल्या मास्तरांनी सांगितल्यावर पटलं.

शेवटच्या भेटीत पोरगी माझ्याकडे वळली. "काका, आता तुमचे प्रश्न. शिकण्यावरचा भाग आहे. फोन रेकॉर्डवर ठेवते, चालेल?"

"ठेव."

"पाहुण्यांशी कसं वागायचं, हे तुम्ही काकूंकडून काय काय शिकलात?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

"ती तिचं काम करते, मी माझं. मी तिकडे बघत नाही."

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हसली. "लिही, लिही. खरं तेच बोलतात ते." पोरगी गेल्यावर कप उचलता उचलता म्हणाली, "एवढी वर्षं मास्तरकी केली, आणि पोरगं नापास." हसतच म्हणाली. पण कप जरा आपटून ठेवला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हा माफी मागायला पाहिजे होती असं नाही म्हणत. खरं तेच बोललो होतो, निदान मला तसं वाटत होतं. पण एखादी गोष्ट सांगून टाकायला काय गेलं असतं?

आता त्या दिवसाकडे परत येतो.

संध्याकाळच्या आत यमुनेवर सगळं उरकलं. घरी आलो तर पोरगी खाली पायरीवर बसलेली. कुणी कळवलं माहीत नाही. मला बघून उठली, माझी चप्पल पायातून काढायला वाकली. मी म्हटलं, राहू दे. सुनेने खोलीत हिच्या जागी जमिनीवर पणती लावली होती. सून म्हणाली, "बाबा, आज-उद्या घरात गॅस पेटवायचा नाही. आंटी डबा देणार आहेत." मी मान हलवली.

मुलगा फोन घेऊन बसला होता. "बाबा, सांगा. कॅन्सल करू ना?"

पोरगी हळूच म्हणाली, "दादा, ते गाडीत बसलेत. काकूंनी सकाळी लिंक पाठवली होती, त्यांनी भरलीसुद्धा. माझ्याकडे आलीय."

"मग काय झालं? गल्लीत शंभर हॉटेलं आहेत. दुसरीकडे बुक करून देतो त्यांना. चांगल्या ठिकाणी देतो."

"कोण आहेत?" मी विचारलं.

पोरीने फोन बघितला. "अकोल्याकडच्या. आई आणि मुलगी. आईच्या डोळ्यांचं दाखवायचंय."

"आकडे काय टाकलेत?"

"काका, ते राहू द्या आता."

"सांग."

"सगळे पाच-सहा. आणि खाली, मोकळ्या ओळीत, लिहिलंय." तिने वाचून दाखवलं. मनात धरून काय येताय, ह्याच्यापुढे त्या मुलीने लिहिलं होतं, "काकू फोनवर म्हणाल्या आल्या आल्या चहा मिळेल, तेवढा मिळाला की झालं."

मुलगा माझ्याकडे बघत होता.

"येऊ दे त्यांना," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही करणार काय? तुम्ही पाहुण्यांशी दोन वाक्यं तरी बोललात का कधी?"

"नाही बोललो."

"मग?"

"येऊ दे म्हटलं ना."

तो चिडला, मग रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो लहान असताना असा फिरवला असेल, तेवढाच. त्यानंतर त्याने कॅन्सल केलं नाही.

सकाळी मी आंघोळ करून वर पुढच्या खोलीत गेलो. कपाट उघडलं. चादर वरच होती, बोटभर कड बाहेर आलेली. मी ती हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. तिच्या हातची शेवटची घडी. मोडली की गेली. दुसऱ्या धुतलेल्या चादरी होत्या कपाटात, नव्हत्या असं नाही. पण ही ह्या दोघींसाठी धुतलेली होती. "पुन्हा उलगड" असं मीच म्हणालो होतो. उलगडली.

डबल चादर एकट्याने घालायची म्हणजे पलंगाभोवती चार फेऱ्या होतात. नोकरीत एकट्यानेच घालायचो, तेव्हा कधी मोजल्या नव्हत्या. कोपरे दाबले, हात फिरवला. घडीची वाकडी रेघ मधोमध दिसत होती. राहू दिली.

मग चहा. गॅस पेटवायचा नव्हता, आणि मला सुनेचं मन मोडायचं नव्हतं. आंटींकडे मागायचा तर त्या रात्रभर आमच्यासाठी जागलेल्या. गल्लीतल्या टपरीवरून आणायचा तर ही म्हणायची, टपरीचाच प्यायचा तर लोक आपल्याकडे कशाला उतरले? मी माळ्यावरून ते खोकं काढलं. धूळ पुसली. पुड्यांतली दूध पावडर दगड झाली होती, ती टाकली, दुधाची पिशवी आणली. केटलीत पाणी तापवलं, त्यातच डब्यातली चहापत्ती टाकली, साखर टाकली, किती ते माहीत नव्हतं. आलं किसायचं की ठेचायचं हेही मला माहीत नव्हतं. ठेचलं. एवढी वर्षं तो चहा रोज दोनदा प्यालो होतो.

धुक्यामुळे गाडी दोन तास उशिरा आली. घंटी वाजली तेव्हा नऊ वाजून गेले होते. मुलगा उठून जिन्यात येऊन उभा राहिला, पुढे आला नाही. दार मी उघडलं. मुलगी पस्तिशीची, शाळेत शिकवणारी असावी, पाठीवर बॅग. आई म्हातारी, डोक्याला मफलर, मुलीचा दंड धरून, डोळे कुठेतरी माझ्या खांद्याच्या वर.

माझी जीभ टाळूला चिकटली. मग सुटली.

"आधी पाणी की आधी संडास?"

मुलगी दचकली. म्हातारी म्हणाली, "आधी ते दुसरं."

"डाव्या हाताला आहे. आता कडी लागते."

त्या वर येऊन बसेपर्यंत मी कप भरले. चहा पांढरट झाला होता, कोमटसा. मी तो त्यांच्यापुढे ठेवला. मुलगी इकडेतिकडे बघत म्हणाली, "काकू कुठायत? फोनवर त्यांच्याशीच बोलणं झालं होतं."

मी आयुष्यात कुठली गोष्ट तोंडात धरून ठेवलेली नाही. आली की बोललो. त्यात मला हेही माहीत होतं की सुतकाच्या घरात पुष्कळ लोक पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. सांगितलं असतं तर ते कप तसेच थंड झाले असते आणि म्हातारी उपाशी हॉस्पिटलच्या लायनीत उभी राहिली असती. न सांगणं बरोबर होतं की नव्हतं, ते मला आजही ठरवता येत नाही.

"आधी चहा घ्या," मी म्हणालो. "मग सांगतो."

मुलीने माझ्याकडे नीट बघितलं. येताना खालच्या खोलीचं दार उघडं होतं, जमिनीवरची पणती तिने बघितली असणार. तिने कप उचलला आणि खाली मान घालून प्यायला लागली. म्हातारी फुंकर मारत घोट घोट घेत होती. मी दाराला टेकून उभा राहिलो. पाहुणे चहा पीत असताना मी खोलीत उभा राहण्याची ती पहिली वेळ.

दोन्ही कप रिकामे झाल्यावर सांगितलं. काल दुपारी, झोपेतच. अंथरलेली चादर तिनेच धुतली आहे, स्वच्छ आहे. गॅस पेटवलेला नाही, चहा केटलीतला आहे. मन मानत नसेल तर मुलगा दुसरीकडे सोय करून देईल, राग येणार नाही.

मुलगी तोंडाला पदर लावून रडायला लागली. म्हातारीने हात चाचपत पलंगावर ठेवला, चादरीवरून हळूहळू फिरवला.

"मी म्हटलं, चहा असा कसा," ती म्हणाली. "बाईच्या हातचा नाही हा."

"नाही," मी म्हणालो. "मला येत नाही."

"येईल, भाऊ." तिने रिकामा कप माझ्या दिशेने, जरा बाजूलाच, पुढे धरला. "हाये का अजून घोटभर?"

मी कप तिच्या हातातून घेतला आणि केटलीत पुन्हा पाणी भरलं.